शुक्रवारची सातची वाफ

सजगता म्हणजे काय, असे हल्ली मला कोणी विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी मी एक प्रतिप्रश्न करतो : ‘तुमच्या सॉनाची वेळ कोणती?’ वेळ मंगळवारी दुपारची असेल, तर मी त्या गृहस्थास खुशाल सजग व्हा म्हणून सांगतो. त्याच्यापाशी गमावण्यासारखे काही नसते. पण वेळ शुक्रवारी सायंकाळी सातची असेल, तर मी त्याचा हात धरून म्हणतो, ‘बाबा रे, आहेस तसाच बेसावध राहा.’

या उपदेशामागे अनुभव आहे. आणि तो फिनलंडमधल्या टाम्परे शहरातील एका प्रतिष्ठित गृहसंस्थेच्या तळघरात, अंगावर केवळ टॉवेल असताना आलेला असल्यामुळे त्याच्या सत्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. टॉवेल गुंडाळलेला मनुष्य खोटे बोलत नाही. खोटे बोलायला निदान एक खिसा तरी लागतो.

आमच्या इमारतीत बिऱ्हाडे पुष्कळ आणि सॉना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घेण्याची खोली, एक. म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाला आठवड्यातला एकेक तास वाटून दिलेला असतो. सगळे तास साठ मिनिटांचेच असतात असे मानणाऱ्यांनी गणित शिकवावे. त्यांनी गृहसंस्थेत राहू नये. शुक्रवारचा सातचा तास हा तासांमधला राजा आहे. आठवड्याचे काम संपलेले असते, आधीच्या मंडळींनी दगड मनासारखे तापवून ठेवलेले असतात, आणि आपण बाहेर पडतो तेव्हा उभा शनिवार-रविवार समोर हात जोडून उभा असतो. आमची मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी मी या तासासाठी प्रतीक्षायादीत नाव घातले. ती शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाल्याची पांढरी टोपी घालून फोटोला उभी राहिली त्या वसंतात वरच्या मजल्यावरचे लेहतोनेन वारले. दफनविधीला सारी इमारत लोटली. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लेहतोनेन होते आणि डोळ्यांत शुक्रवारचे सात. यादीत पहिले नाव माझे असल्यामुळे त्या प्रसंगी मनापासून रडलेला मी एकटाच होतो. इतक्या वर्षांच्या प्रतीक्षेनंतर कोणीही रडले असते.

माझ्यानंतर यादीत पहिले नाव लागले ते यार्नोचे. हा यार्नो म्हणजे आमच्या संस्थेच्या अध्यक्षा सारेलाबाई यांचा जावई. त्याची वेळ बुधवारी दुपारी तीनची. संस्थेच्या नियमांत एक कलम असे आहे, की जो सभासद आपली वेळ उलटून आत बसेल, त्याची वेळ काढून यादीतल्या पुढच्या सभासदास देण्याचा अधिकार अध्यक्षांना राहील. या कलमाची आणि यार्नोची एकमेकांशी ओळख करून देण्याचे काम, दुर्दैवाने, माझ्या हातून घडले.

त्याला निमित्त झाले माझे रक्त. मी नगरपालिकेच्या पाणीखात्यात आहे. मीटर चुकीचा फिरतो अशी नागरिकांची तक्रार आली, की तो मीटर बरोबर असून नागरिक चुकीचा आहे असे त्यास सविनय कळवणे, हे माझे काम. वाद घालणे हे माझे शासकीय कर्तव्य आहे. घरी मी ते विनावेतन करतो. वार्षिक तपासणीत डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, यंत्राकडे पाहिले, पट्टा सोडून पुन्हा बांधला आणि विचारले,

‘जेवताना तुम्ही काय करता?’

‘जेवतो.’

‘आणखी?’

‘वर्तमानपत्रातल्या चुकांवर पेन्सिलीने खुणा करतो.’

‘म्हणजे तुम्ही जेवत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचं शरीर इथं असतं आणि डोकं कुणाशी तरी भांडत असतं. गोळ्या लिहून देऊ, की माइंडफुलनेस करून बघता?’

हे घरी सांगितले तेव्हा माझी पत्नी इर्मेली लोकरीचा मोजा विणत होती. सुई न थांबवता ती म्हणाली, ‘लग्न झाल्यापासून मी हेच सांगतेय. पण मी पडले फुकटातली. माझ्याकडे कुठं पट्टा आहे बांधायला!’

नगरपालिकेने कर्मचाऱ्यांसाठी सजगतेचा, म्हणजे याच माइंडफुलनेसचा, वर्ग ठेवलेला होता. शिक्षिकेचे नाव वीवी. वय माझ्या मुलीएवढे, आवाज कोमट दुधासारखा. तिने सांगितलेले तत्त्व तसे सोपे होते : जे चालले आहे त्यातच असावे. कॉफी पिताना कॉफी प्यावी, चालताना चालावे. मनात विचार आला तर त्याच्याशी झटापट करू नये. त्याची नोंद घ्यावी आणि त्याला जाऊ द्यावे. असे केल्याने झोप सुधारते, राग निवळतो, रक्तदाब उतरतो आणि घरातली माणसे नव्याने दिसू लागतात.

मी हात वर केला. ‘विचार चुकीचा असेल तर?’

‘तरी जाऊ द्यायचा.’

‘दुरुस्त न करता?’

‘दुरुस्त न करता, रौताला.’

‘रौताला’ हे माझे आडनाव. एवढा बेजबाबदारपणा मला शासकीय वर्गात प्रथमच ऐकायला मिळाला. परंतु रक्त माझे होते. रोजचे एखादे काम निवडून ते पूर्ण लक्ष देऊन करा, असा तिने गृहपाठ दिला आणि मी तो शिरोधार्य मानला.

प्रथम मी कचेरीतली कॉफी लक्षपूर्वक प्यालो, आणि इतकी वर्षे आपण काय पीत होतो हे मला प्रथमच कळले. ती कॉफी बेसावधपणीच पिण्याजोगी होती. मग मी भांडी लक्षपूर्वक घासली. इर्मेली मागे उभी राहून बराच वेळ पाहत होती. ‘तू ती बशी धुतोयस की तिचं चित्र काढायचंय तुला?’ असे विचारून तिने स्पंज काढून घेतला. शेवटी मी इर्मेलीचे बोलणे लक्षपूर्वक ऐकले. ती आपल्या बहिणीच्या कुत्र्याविषयी काही सांगत होती. मी पेन्सिल खाली ठेवली, तिच्याकडे तोंड केले आणि प्रत्येक शब्द ऐकला. ती मधेच थांबली.

‘काय झालं?’

‘काही नाही. ऐकतोय.’

‘असं बघू नकोस रे माझ्याकडे. डॉक्टरांनी आणखी काही सांगितलंय का? माझ्यापासून लपवू नकोस.’

सारांश, संसार ही सजगतेची जागा नव्हे. तेव्हा मी विचार केला, की जिथे कोणी बोलत नाही, बोलू नये अशीच जिथली रीत आहे, तिथे ही विद्या साधेल. शुक्रवारी सात वाजता मी सॉनात शिरलो.

आमच्या सॉनाच्या भिंतीवर खिळ्याभोवती फिरवता येणारे वाळूचे घड्याळ आहे. वीवीने सांगितले होते, की काळाची चिंता बाजूला ठेवावी. मी सूचनांचे शब्दशः पालन करणारा मनुष्य आहे. मी ते घड्याळ आडवे केले. वाळू जागच्या जागी थांबली. मग मी दगडांवर पळीभर पाणी ओतले आणि वरच्या बाकावर बसलो. वाफ उठली, छताला टेकली आणि वळून माझ्या खांद्यांवर उतरली. आयुष्यभर वाफ घेतलेल्या मला ती वळते कुठे हे त्या दिवशी प्रथमच कळले. लाकडाच्या गाठी दिसल्या. घामाचा एक थेंब कपाळावरून निघून नाकाच्या शेंड्यावर येईपर्यंतचा त्याचा सबंध प्रवास मी पाहिला. त्याला काही सुचवले नाही. खरे सांगतो, मला फार बरे वाटले.

दार उघडून बाहेर आलो, तर कपडे बदलण्याच्या खोलीत पेक्कारिनेन उभे होते. पेक्कारिनेन म्हणजे गोदीतले निवृत्त क्रेनचालक. शुक्रवारची आठची वेळ त्यांची. कमरेला टॉवेल, एका हातात बिअरची बाटली, दुसऱ्या हातात चंदेरी कागदात गुंडाळलेले सॉसेज. वास्तविक सॉनात सॉसेज भाजण्यास संस्थेची मनाई आहे. पण पेक्कारिनेन ते दगडांच्या कडेला ठेवून भाजतात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणीच पाहिलेले नाही. आमच्याकडे सॉनाचे दार ठोठावत नाहीत. आत कोणी मरत असला, तरी तो आपल्या वेळेत मरतो आहे ना, एवढेच बाहेरचा पाहतो.

‘वाजले,’ पेक्कारिनेन म्हणाले.

‘किती?’

‘आठ. मघाशी.’

एवढे बोलून ते आत गेले. पेक्कारिनेन यांच्या मानाने हे भाषण होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या खोलीत मी काच आणि पुठ्ठा वेगवेगळा टाकत असताना मागून सारेलाबाईंचा आवाज आला.

‘रौताला, काल तुमचे आठ कधी वाजले हो?’

‘बाई, मी काल सजग होतो.’

‘सजग माणसाला घड्याळ दिसत नाही?’

‘सजग माणूस क्षणात असतो.’

‘असू द्या की! क्षणात असायला माझी ना नाही. पण तो क्षण सात ते आठमधला हवा. आठनंतरचे क्षण पेक्कारिनेनचे.’ एवढे म्हणून त्यांनी दुधाचा रिकामा खोका पायाखाली चपटा केला. त्यांचे लक्ष खोक्यावर होते, पण मन, मला स्पष्ट दिसले, जावयापाशी होते. त्या बाईंनाही वीवीची गरज होती.

माझी वेळ धोक्यात आली आहे ही बातमी माझ्याआधी चौथ्या मजल्यावर पोहोचली. ज्याने त्याने मला सल्ला देण्यास आरंभ केला. माझ्याशी एरवी हवामानाविषयीही न बोलणारी माणसे जिन्यात थांबून माझ्या मनःशांतीची चौकशी करू लागली. निवृत्त सुईण हेल्मीबाई यांनी डांबराचा साबण दिला. दारू, डांबर आणि सॉना यांनी जो बरा होत नाही तो रोग जीवघेणा समजावा, अशी आमच्याकडे म्हणच आहे. मी नम्रपणे म्हणालो, की मला सॉनाने रोग झाला आहे. त्यांनी साबण परत घेतला नाही. उलट आणखी एक दिला.

पेक्कारिनेन यांची क्षमा मागणे मात्र आवश्यक होते. मी त्यांच्या घरी गेलो आणि सजगतेचे मर्म त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

‘म्हणजे गप्प बसायचं,’ ते म्हणाले.

‘नुसतं गप्प नव्हे. आपण गप्प बसलो आहोत हे जाणून गप्प बसायचं.’

‘मग ते गप्प कसलं?’

मी त्यांना डोळे मिटून दाखवले.

‘मी तळ्यावर जातो,’ ते सावकाश म्हणाले. ‘बर्फाला भोक पाडतो. गळ टाकून भोकाकडे बघत बसतो.’

‘झालं तर! हीच सजगता.’

‘पण मासा लागला की सगळं बिघडतं. म्हणून आमिष लावत नाही.’

असा मनुष्य माझ्या वाटेत टॉवेल लावून उभा राहिला होता, आणि मी त्याला सजगता शिकवत होतो! परंतु ही गोष्ट त्या वेळी माझ्या ध्यानात आली नाही. मी तेव्हा भांडणाची तयारी करत होतो.

संस्थेच्या सभेत मी सविस्तर बोललो. मुद्दा असा मांडला, की वेळेचा भंग करमणुकीसाठी झाला असता तर ते कलम लागू पडले असते. पण माझे बसणे हे उपचाराचे बसणे होते, आणि कलमात उपचाराचा उल्लेख नाही. मी विजयाने खाली बसलो. तेवढ्यात संस्थेचे व्यवस्थापक चष्मा पुसत उठले.

‘उपचार म्हणालात ना? मग सॉनाचा वापर बदलला. वापर बदलला म्हणजे नगरपालिकेचं मत घ्यावं लागेल. पाणीवापराच्या दृष्टीनं.’

नगरपालिकेचे पाणीवापरविषयक मत म्हणजे मी. मी तसा अर्ज केला, आणि सोमवारी माझाच अर्ज माझ्याच मेजावर आला. आता, स्वतःच्या अर्जावर शिक्का मारणारा मनुष्य मी नव्हे. मी तो अन्य कोणत्याही अर्जाप्रमाणे निःपक्षपातीपणे वाचला आणि ‘अर्जदाराने सजगता या संज्ञेची व्याख्या दिलेली नाही’ असा शेरा मारून परत पाठवला. बुधवारी तो मला घरी मिळाला. अर्जदार या नात्याने मला त्या अधिकाऱ्याचा मनस्वी संताप आला. मी त्याला तिखट शब्दांत उत्तर लिहिले. शुक्रवारी ते वाचताना, अधिकारी या नात्याने, असल्या अर्जदारांमुळेच आमचा रक्तदाब वाढतो असे माझे स्पष्ट मत झाले.

‘अरे, दोघांपैकी एकानं तरी माघार घे,’ इर्मेली म्हणाली.

अखेर सारेलाबाईंनीच तोड काढली. प्रात्यक्षिक व्हावे. पुढच्या शुक्रवारी सातला मी शिक्षिकेसमक्ष सजगता करून दाखवावी. ज्यांचा वेळ गेला ते पेक्कारिनेन, आणि संस्थेच्या वतीने यार्नो, असे दोघे माझ्याबरोबर आत बसतील. आठच्या ठोक्याला सॉना रिकामा झाला, तर माझी वेळ मला लखलाभ. न झाला, तर ती यार्नोची.

अट मला न्याय्य वाटली. वीवीला तर आनंदच झाला. सॉनात वर्ग घेण्याची संधी तिला कधी मिळाली नव्हती. का मिळाली नव्हती, याचा विचार आम्ही दोघांनीही करायला हवा होता.

पुरुष बसलेल्या सॉनात तिला येता येईना, म्हणून ती आणि सारेलाबाई कपडे बदलण्याच्या खोलीत बसल्या. आम्ही तिघे आत वरच्या बाकावर. मधे न्हाणीची खोली आणि तिची दोन दारे. एवढ्यातून ऐकू जावे म्हणून वीवीने दारे किंचित उघडी ठेवली आणि आपला कोमट दुधासारखा आवाज उकळीला आणला.

‘आता हळूच डोळे मिटा!’ ती ओरडली.

आमच्या देशात सॉनामध्ये ओरडणे म्हणजे चर्चमध्ये शिट्टी वाजवणे. पेक्कारिनेन यांनी डोळे मिटले नाहीत. त्यांनी पळी उचलली आणि दगडांवर पाणी ओतले. फुस्स झाले आणि आवाज बुडाला.

‘श्वास येतोय! श्वास जातोय! त्याला ढकलू नका!’

पेक्कारिनेन यांनी पुन्हा पाणी ओतले.

मुळात श्वास येईनासाच झाला होता. प्रत्येक सूचनेगणिक एक पळी, या हिशेबाने ती वाफ माणसांच्या उपयोगाची राहिली नव्हती, बटाट्यांच्या होती. यार्नो लाल झाला, मग जांभळा झाला. पण तो उठेना, कारण तो संस्थेचा प्रतिनिधी होता. मी उठेना, कारण वेळ माझी होती. पेक्कारिनेन का उठतील? सॉनातून प्रथम उठणाऱ्याचे नाव आमच्याकडे त्याच्या नातवंडांपर्यंत सांगतात. मनात आले, की बाहेर पडावे. मी त्या विचाराची नोंद घेतली आणि तो जाऊ दिला. मी मात्र राहिलो.

‘आता वासाकडे लक्ष द्या!’ वीवीचा आवाज आला. ‘जो वास येईल तो चांगला का वाईट, ठरवू नका! नुसती नोंद घ्या! काही करायला जाऊ नका!’

वास येत होता. प्रथम तो भाजलेल्या सॉसेजचा होता. सवयीप्रमाणे पेक्कारिनेन यांनी ते कडेच्या दगडावर ठेवलेले होते. मी नोंद घेतली. मग तो करपलेल्या सॉसेजचा झाला. मी तीही नोंद घेतली, आणि दोन वासांतला फरक इतका सूक्ष्मपणे आपल्याला जाणवावा याचे कौतुक वाटले. त्या कौतुकाचीही नोंद घेतली. डोळ्याच्या कोपऱ्यातून यार्नोकडे पाहिले. तोही नोंद घेत होता. पेक्कारिनेन यांचा हात सॉसेजकडे निघाला, तेव्हा मीच, हाय रे दैवा, मीच त्यांच्या कानाशी कुजबुजलो, ‘काही करायचं नाहीये. नुसतं पाहायचं.’

‘पण जळतंय रे ते.’

‘जळू दे. जळतंय हे जाणायचं.’

कागद फाटला. चरबी खाली गळली आणि भडका उडाला. धुराचा लोट न्हाणीतून, किंचित उघड्या ठेवलेल्या त्याच दोन दारांतून बाहेर गेला आणि कपड्यांच्या खोलीतल्या धुराच्या घंटेने सबंध इमारत डोक्यावर घेतली.

पुढचे थोडक्यात सांगतो. फेब्रुवारीचा महिना. इमारतीतली सारी बिऱ्हाडे अंगणातल्या बर्फात. कोणी गाऊनमध्ये, कोणी मांजर काखेत मारून. हेल्मीबाईंनी एवढ्या घाईतही साबण घेतलेले. आणि मधोमध टॉवेल गुंडाळलेले, पायांत काही नसलेले आम्ही तिघे. अग्निशामक दलाचा अधिकारी आत जाऊन आला. त्याच्या हातात चिमट्यात धरलेले काहीतरी काळे होते.

‘हे कुणाचं?’

‘माझं,’ पेक्कारिनेन म्हणाले.

‘आत तिघं होतात. एकालाही वास आला नाही?’

‘आला होता,’ मी म्हणालो.

‘मग?’

‘आम्ही त्याची नोंद घेतली.’

मग शेजारच्या रुग्णवाहिकेतल्या मुलीला हाक मारून तो म्हणाला, ‘आधी यांना तपास गं.’

ती पट्टा घेऊन येईपर्यंत मी उभा होतो. वरून बर्फाची भुरभुर चालली होती. पेक्कारिनेन यांच्या टकलावर एकेक कण उतरत होता, क्षणभर तसाच दिसत होता आणि मग नव्हता. आमच्या तिघांच्या खांद्यांवरून वाफा निघत होत्या. वीवी रडत होती, सारेलाबाई काही बोलत होत्या, आणि त्यांच्या वाक्यात एक ढळढळीत चूक होती. ती दुरुस्त करावी असे मला वाटले नाही. पाय थंड होते. ते थंड आहेत एवढेच मला कळत होते. मुलीने पट्टा बांधला, यंत्राकडे पाहिले आणि म्हणाली, ‘वा! तरुण माणसासारखा आहे. काय करत होता तुम्ही?’

‘काही नाही,’ मी म्हणालो. आणि, वाचकहो, ते अक्षरशः खरे होते.

ही अवस्था सारेलाबाईंनी निकाल देईपर्यंत टिकली.

‘वेळ गेली तुमची,’ त्या म्हणाल्या.

‘कशी? आम्ही आठच्या कितीतरी आधी बाहेर पडलो! इमारतीसकट!’

‘तुम्ही पडलात. अग्निशामकवाले सव्वाआठपर्यंत आत होते. ते तुमच्या वेळेतले पाहुणे.’

‘सॉसेज पेक्कारिनेनचं होतं!’

‘पण जळलं कुणाच्या वेळेत?’

मी वादविद्येचा जुना उपासक आहे, आणि प्रतिस्पर्ध्याचे गुण ओळखण्याइतका मोठेपणा माझ्यापाशी आहे. त्या बाई पाणीखात्यात असत्या तर आज नगराध्यक्षा झाल्या असत्या.

सॉनाची दुरुस्ती होऊन तो बर्फ वितळण्याच्या सुमारास पुन्हा सुरू झाला. मला मंगळवारी दुपारी दोनची वेळ मिळाली. त्या वेळी मी कचेरीत असतो. पहिल्या शुक्रवारी सात वाजता मी स्वयंपाकघरात बसून भिंतीतल्या नळांतून खाली जाणारे पाणी ऐकत होतो. पाणीखात्यातल्या माणसाला आवाजावरून कळते : ते पाणी माझे नव्हते. इर्मेलीने माझ्यापुढे कॉफी आणि वेलदोड्याचा पाव ठेवला, आणि वर्तमानपत्र उचलून नेले.

आठला थोडा वेळ असताना दारावर थाप पडली. जो मनुष्य सॉनाचे दार ठोठावत नाही, त्याने माझ्या घराचे ठोठावले होते. पेक्कारिनेन टॉवेल लावून उभे होते. हातात चंदेरी कागदाच्या गुंडाळ्या होत्या. एक नव्हे, दोन.

‘चल,’ ते म्हणाले.

‘कुठं?’

‘एकट्याला दोन खाववत नाहीत.’

आम्ही तळघरात गेलो. आठ वाजले. दार बंदच. अंमळ वेळ गेला. दार तसेच. कपड्यांच्या खोलीत खुंटीवर यार्नोचा झगा होता आणि बाकावर सारेलाबाई मांडी घालून बसल्या होत्या; डोळे मिटलेले, चेहऱ्यावर अपार शांती. प्रात्यक्षिकाच्या रात्री त्या दोन दारांतून धूर बाहेर येण्याआधी वीवीची शिकवण बाहेर आली होती, आणि ती त्या बाईंना पुरती लागली होती. सासू-जावई दोघांनीही वीवीचा वर्ग लावला होता.

पेक्कारिनेन यांनी माझ्याकडे पाहिले. ते दिवसभर उभे राहिले असते. त्यांना बर्फातल्या भोकाची सवय होती. मी माझ्या मनात उठलेल्या विचाराची नोंद घेतली. तो चांगला का वाईट हे ठरवले नाही. त्याच्याशी झटापट केली नाही. मग मी न्हाणी ओलांडली आणि सॉनाचे दार सताड उघडले. आत यार्नो डोळे मिटून बसला होता. भिंतीवरचे वाळूचे घड्याळ आडवे होते.

‘वाजले,’ मी म्हणालो.

त्या एका शब्दात माझे शरीर आणि माझे मन पूर्णपणे एकत्र होते. वीवीने पाहिले असते तर तिला धन्य वाटले असते.

यार्नो गेला. सारेलाबाई गेल्या, आणि जाताना माझ्याकडे न पाहता गेल्या. पेक्कारिनेन यांनी घड्याळ सरळ केले, दगडांवर पळीभर पाणी ओतले आणि सॉसेज कडेला ठेवली. आम्ही वरच्या बाकावर बसलो. वाफ छताला टेकून वळली आणि खांद्यांवर उतरली. काही वेळाने वास सुटला. मी त्याची नोंद घेतली, पेक्कारिनेन यांनीही घेतली असावी. आणि आम्ही दोघे एकदम उठलो आणि आपापले सॉसेज उलटले.

सजगतेची व्याख्या अर्जदाराने दिलेली नाही, असा माझाच शेरा त्या अर्जावर अजून आहे. आता ती देता येईल. पण अर्ज मी करणार नाही. तो अधिकारी मंजूर करायचा नाही, मी त्याला ओळखतो.